सभामंडपाच्या तिसऱ्या पायरीबद्दल: देवस्थानच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
विश्वस्त मंडळ आणि यात्रा कमिटी,
आमच्या गावच्या देवीचे देवस्थान

सप्रेम नमस्कार.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. तुम्हाला ते माहीत आहे, आणि बाकीच्यांनी आपल्याच गावाचं समजून वाचलं तरी फारसं चुकणार नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी लसीकरणाचं सत्र होतं. अंगणवाडीचे पत्रे उडाल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, हे सत्र देवळाच्या सभामंडपात भरतं. त्या दिवशी ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई नऊ दिवसांचं बाळ घेऊन आली. बाळंतपण फडाशेजारच्या कोपीतच झालेलं. पायऱ्या चढताना तुमच्या माणसानं तिला अडवलं आणि खांबावरची नवी पाटी दाखवली. तिला वाचता येईना, म्हणून त्यानं ती मोठ्यानं वाचली: "सुवेर-सुतक असणाऱ्यांनी, अडचणीतील महिलांनी व सव्वा महिना पूर्ण न झालेल्या बाळंतिणींनी सभामंडपात प्रवेश करू नये. हुकुमावरून."

ती वाद घालणाऱ्यातली नव्हती. खाली उतरली आणि तिसऱ्या पायरीवर बसली. सिस्टरनं सामान उचलून तिथंच आणलं. सकाळचे साडेदहा, थंडी, शेताकडून सरळ वारा. बाळाला उघडं करून काट्यावर ठेवलं तेव्हा वजन भरलं दोन किलो शंभर. असल्या बाळाला सगळ्यात आधी ऊब लागते, हे नव्या आशालाही पहिल्याच प्रशिक्षणात शिकवतात. बीसीजीची लस उजेडाला नाजूक असते, म्हणून तिची बाटली गडद काचेची. एकदा कालवली की चार तासांत संपवायची आणि तोवर उन्हापासून जपायची. ती लस त्या दिवशी सिस्टरनं पदराच्या सावलीत भरली. आईला बाळंतपणाच्या जखमेच्या जागी दुखत होतं. ते बघायला पडदा लागतो, आणि पडदा आत मंडपात होता. पायरीवर काय बघणार? बाई तशीच दुखत टोळीकडे परत गेली.

मी त्या वेळी तिथं होते. निवृत्त झाले तरी सत्राला जाऊन बसायची सवय सुटलेली नाही. महिनाअखेरीस मी तुम्हाला लेखी अर्ज दिला. त्याची पोच मिळाली नाही. तोंडी उत्तर मात्र मिळालं, तेही दुसऱ्याकडून: "काकूंना म्हणावं, देवाच्या गोष्टीत दवाखाना आणू नका." म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

मी कोण, ते नव्यानं आलेल्या विश्वस्तांसाठी सांगते. मी या गावची सून. एकतीस वर्षं आरोग्य सेविका होते, त्यातली अकरा वर्षं आपलं गाव माझ्याच उपकेंद्रात होतं. तुमच्या मंडळातल्या नऊ जणांपैकी तिघांची नाळ माझ्या हातानं कापलेली आहे. कुणाची, ते लिहीत नाही. त्यांच्या आयांना विचारा. बाळंतपणाचा विटाळ खरा असेल तर मी एकतीस वर्षं त्यात कोपरापर्यंत बुडालेली होते. त्याच हातांनी यात्रेच्या भंडाऱ्याच्या पुऱ्या लाटल्या आणि देवीची ओटी भरली. तेव्हा कुणी हरकत घेतली नाही, कारण कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

या कामात मी कशी आले तेही सांगते. १९८४ साली माझी थोरली जाऊ बाळंत झाली. मागच्या खोलीत बाज, खिडकीला पोतं, शेगडी आणि धुरी. चौथ्या दिवशी ताप आला. सहाव्या दिवशी खोलीला वास यायला लागला. मला वास कळत होता, पण सुवेर फिटेपर्यंत आत जायची परवानगी फक्त सुईणीला, आणि सुईण दुसऱ्या गावच्या बाळंतपणाला गेलेली. गावात तेव्हा एकच जीप होती. मालकानं सांगितलं, बारावा दिवस होऊ द्या, मग नेतो. गाडी नवी होती, दसऱ्याला पूजलेली. जाऊबाई नवव्या रात्री गेली. बाळंतज्वर म्हणतात त्याला, त्या वेळीही प्रतिजैविकांनी बरा होणारा. तिचा मुलगा मी वाढवला. जीपवाल्याला मी दोष देत नाही, तो आता नाही. त्याला जे शिकवलं होतं त्याप्रमाणं तो वागला. तुम्हाला तेच शिकवलंय का, एवढंच मला विचारायचं आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार पाटीच्या कारणाबद्दल. गेल्या चैत्रात पालखीचा दांडा मोडला, कौल लावला, त्यात "विटाळ झाला" असं निघालं, आणि सात-आठ महिने कुजबुज होऊन मार्गशीर्षात पाटी लागली. दांडा आतून वाळवीनं खाल्लेला होता. सुतारानं तो चावडीवर सगळ्यांसमोर दोन बोटांनी चुरून दाखवला होता. वाळवी दांड्याला, आणि औषध मात्र बाळंतिणींना!

दुसरी तक्रार पैशाची आहे. सभामंडपाच्या कोनशिलेवर आमदारांच्या स्थानिक विकास निधीचा उल्लेख आहे. म्हणजे तो मंडप तुमच्या-माझ्यासकट सगळ्यांच्या करातून उभा राहिला. तिथं लग्नं लागतात, ग्रामसभा होते, निवडणुकीत दोन्ही पार्ट्यांच्या सभा झाल्या आणि मध्यंतरी एका खत कंपनीचा शेतकरी मेळावासुद्धा झाला. त्या मेळाव्याला आलेल्यांपैकी कुणाच्या घरी सुवेर होतं, कोण सुतकात होतं, हे दारात कुणी विचारलं नव्हतं. गाभारा तिथून चांगला चाळीस फूट आत आहे. गाभाऱ्याचं भांडण वेगळं. ते मी सोडून दिलेलं नाही, पण आज फक्त लसीच्या टेबलाचं बोलते आहे.

कायद्याचं एकच सांगते, कारण धमकी द्यायला मी हे लिहीत नाही. देवळात जाण्यापासून हिंदूंमधल्या कुठल्याही वर्गाला अडवू नये, असा कायदा आपल्या राज्यात १९५६ पासून आहे. २०१६ मध्ये विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक मुंबई उच्च न्यायालयात गेल्या तेव्हा बायकांचा मंदिरप्रवेश हा मूलभूत हक्क असल्याचं न्यायालयानं सांगितलं, आणि त्याच गुढीपाडव्याला शनिशिंगणापूरचा चौथरा बायकांना मोकळा झाला. तुमचा ट्रस्ट नोंदणीकृत आहे. अशी पाटी लावायच्या आधी निदान एखाद्या वकिलाला विचारायला हवं होतं.

तिसरी तक्रार मला सगळ्यात जास्त सलते. फेब्रुवारीच्या सत्राला तुमच्यातल्या एकानं आत्ताच्या सिस्टरला विचारलं, "ताई, तुमची काही अडचण नाही ना?" मुलगी सत्तावीस वर्षांची. वीस किलोमीटरवरून गाडीवर येते, खांद्याला लसीचा डबा. तिनं मान खाली घालून "नाही" म्हटलं. खरं सांगितलं की खोटं, ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारायला नको होतं. आशाताईला पुढं हेच विचारणार का? अंगणवाडी सेविकेला? लोहाच्या गोळ्या घ्यायला येणाऱ्या नववी-दहावीच्या पोरींना? पोरी त्या सत्राला आल्याच नाहीत. पाटी वाचून दारातूनच परत गेल्या, कारण आत गेलं काय आणि न गेलं काय, सगळ्या गावाला पाळीचा हिशेब कळणार.

आणि ती ऊसतोडीची बाई. बीडकडच्या या बायका आपल्या कारखान्याला ऊस घालतात. पाळी आली म्हणून कोयता थांबत नाही, खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. ही 'अडचण' कायमची मिटवायला त्यांतल्या किती जणींनी पिशवीच काढून टाकली, हे २०१९ मध्ये सरकारी समितीनं मोजलं. बीड जिल्ह्यातल्या पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. पाटीवर 'अडचण' हा शब्द रंगवताना रंगाऱ्याला तो साधा वाटला असेल. मला तो वाचताना हे आकडे दिसतात.

तुमच्या बाजूनं जे बोललं जातं तेही मी ऐकलंय. म्हणतात, जुन्या लोकांनी सोयर काढली ती बाळंतिणीला विसावा मिळावा म्हणून, बाहेरच्यांचा आजार बाळाला लागू नये म्हणून. यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. सव्वा महिना बाईला चुलीपासून, विहिरीपासून, शेतापासून सोडवणारी दुसरी कुठलीही सोय आपल्या समाजात नव्हती. डॉक्टरसुद्धा बाळंतपणानंतरचे बेचाळीस दिवस जपायला सांगतात. तो विसावा ठेवा की! डिंकाचे लाडू ठेवा, शेक ठेवा, पाहुण्यांची गर्दी लांब ठेवा. पण विसावा देणं आणि विटाळ मानणं यात फरक आहे, आणि तो मी खोलीच्या आतून पाहिलेला आहे. विसाव्यात बाईजवळ कुणीतरी असतं. विटाळात तिच्याजवळ कुणी जात नाही.

विटाळ म्हणजे शेवटी काय? शिवायचं नाही. आणि बाळंतीण न् बाळ वाचतात ते शिवल्यामुळेच. माझ्या नोकरीचं सार विचाराल तर एवढंच. ताप आहे का हे कपाळाला हात लावल्याशिवाय कळत नाही. बाळ गार पडलंय हे त्याच्या तळपायाला हात लावल्यावर कळतं. नाळ पिकलीय का, छातीत गाठ झालीय का, रक्त जास्त जातंय का, सगळं जवळ जाऊन, हात लावून.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी हे करून दाखवलं. गावातल्याच साध्या शिकलेल्या बायकांना तयार केलं, त्या बाळंतिणीच्या खोलीत जायच्या, बाळ हाताळायच्या, वजन करायच्या, वेळ पडली तर इंजेक्शन द्यायच्या. ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ते छापून आलं, आणि आज देशभर आशाताई ज्या घरभेटी देतात त्या त्याच कामातून आलेल्या आहेत. भेटींचे दिवस ठरलेले आहेत: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. बघा, यातल्या पहिल्या दोन भेटी नेमक्या सुवेरात येतात. बाळ दगावण्याची भीती सगळ्यात जास्त असते तीही पहिल्याच आठवड्यात. आपल्या आशाताईला सातव्या दिवशी अजूनही काही घरांतून "बारसं झालं की या" म्हणून परत पाठवतात. जिथं घेतात तिथून ती आपल्या घरी गेली की तिची सासू दारातच तिच्या अंगावर ओतायला पाणी घेऊन उभी.

पाचवीचंही तेच. सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते म्हणून रात्रभर दिवा ठेवायचा, पाटा पुजायचा. मला ती रात्र आवडते, खोटं कशाला बोलू? पण "सटवाईनं नेलं" म्हणून जी बाळं गेली त्यांचं नोकरीत आल्यावर मला वेगळंच दिसायला लागलं. विळ्यानं कापलेली नाळ, तिच्यावर राख नाहीतर शेण, आणि पहिल्याच आठवड्यात बाळाचं तोंड मिटायचं, अंग धनुष्यासारखं ताठायचं. धनुर्वात. गरोदरपणी आईला टोचलेल्या इंजेक्शनांनी आणि स्वच्छ पात्यानं तो गेला. २०१५ मध्ये माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात भारतात आटोक्यात आल्याचं जाहीर झालं. सटवाई पाचवीला अजूनही येते, नशीब लिहिते. नेत तेवढी नाही.

धर्माचं म्हणाल तर मी पंडित नाही, पण सप्ताहाला पहिल्या ओळीत बसते. पाळीचा दोष आला कुठून याची गोष्ट तैत्तिरीय संहितेत आहे. इंद्रानं विश्वरूपाला मारलं, ब्रह्महत्येचं पाप लागलं, ते त्यानं वाटून टाकलं. एक हिस्सा जमिनीला, एक झाडांना, एक बायकांना. जमिनीच्या वाट्याला खारवट तुकडे आले, झाडांच्या वाट्याला चीक, बायकांच्या वाट्याला पाळी. म्हणजे पाप केलं इंद्रानं. झाडाच्या वाट्याचा डिंक आपण लाडवात घालतो, आणि ते लाडू जिला खाऊ घालतो ती मात्र बाहेरची! उलट तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी सांगितलं की नाकाला शेंबूड येतो, डोळ्याला चिपडं येतात, तसाच हाही शरीराचा एक स्राव, त्याचा विटाळ धरू नये. सोयराबाईंचा अभंग तर आपल्याच मंडपात दरवर्षी म्हटला जातो. विटाळावाचून जन्मलेला देह जगात कोणता, असं आपण टाळ-मृदंगात विचारतो आणि उत्तर न देताच पंगतीला बसतो.

"बायकांनाच हे पाळायचं असतं" हेही मला ऐकवलं गेलं. अर्धं खरं आहे. माझ्या सासूबाईंनी मरेपर्यंत पाळलं. आणि माझंही एक कबूल करते. गौरी-गणपतीच्या आधी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मेडिकलमध्ये संपतात, यात्रेच्या आठवड्यातही संपतात. त्या गोळ्या मी स्वतः बायकांना सांगितल्यात, वर्षानुवर्षं, एकीलाही "कशाला घेतेस?" असं न विचारता. सोपं होतं ते. त्यामुळं हे पत्र थोडं मलाही आहे. पण घरात बाई आपल्या मनानं काय पाळते तो तिचा प्रश्न, आणि सरकारी पैशाच्या खांबावर रंगवून सगळ्यांवर लादणं हा तुमचा. ती टोळीतली बाई आपल्या देवीची नव्हती, आपल्या गावची नव्हती. तिनं पाळायचं की नाही हे तुम्ही कोण ठरवणार?

माझ्या मागण्या अशा आहेत.

पाटी काढावी. नुसती चुना फासून पुसू नये. काढून ग्रामपंचायतीत जमा करावी आणि काढल्याचा ठराव लिहावा.

सत्र मंडपातच भरेल, आणि दारात कुणीही कुणाला पाळीचं किंवा बाळंतपणाचं विचारणार नाही. सिस्टरला ज्यांनी विचारलं त्यांनी तिची माफी मागावी. एकांतात मागितली तरी चालेल.

पडद्यासाठी मंडपाच्या कोपऱ्यात दोन हुक ठोकू द्यावेत. पडदा मी शिवून देते.

चैत्राच्या सप्ताहात माइकवरून एकदा, विश्वस्तांच्या तोंडून, गावाला सांगावं की आशाताईला तिसऱ्या आणि सातव्या दिवशी बाळंतिणीपर्यंत जाऊ द्या. मी तीस वर्षं सांगून जे झालं नाही ते तुमच्या एका वाक्यानं होईल. तुमचा शब्द गावात चालतो हे मला माहीत आहे, म्हणून तर हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, तहसीलदारांना नाही.

आणि मंडळात दोन बायका घ्याव्यात. नऊ पुरुषांनी सव्वा महिन्याचा हिशेब मांडावा हे बरं दिसत नाही. माझं नाव सुचवू नका, माझे गुडघे गेलेत.

ती बाई ज्या पायरीवर बसली त्या पायरीच्या फरशीवर नाव कोरलेलं आहे, ते तुम्ही रोज ओलांडता. माझ्या जाऊबाईचं आहे. मुलगा कमवायला लागला तेव्हा पहिल्या पगारातून त्यानं आईच्या स्मरणार्थ ती पायरी दिली. पावती तुमच्याच कार्यालयाची आहे.

पुढचं सत्र मार्चच्या दुसऱ्या बुधवारी आहे. टेबल लावायला मी सव्वानऊला मंडपात येते. किल्ली गुरवांकडे असते की कार्यालयात, तेवढं कळवावं.

आपली,
गावची एक सून आणि निवृत्त आरोग्य सेविका